आबा गुळव्या होते

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आबा गेले. वडलांचे वडील. नव्वदीला टेकले होते, अंथरुणाला फार दिवस खिळले नाहीत, लेकीसुना-नातवंडं सगळी जवळ होती. त्यामुळं तक्रार करावी असं काही नाही. रक्षाविसर्जनाला नदीवर चार लोक बोलले. ‘अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व हरपलं.’ बोलणाऱ्या पुढाऱ्यानं आदल्याच आठवड्यात वरच्या गल्लीतल्या एका माणसाला हेच वाक्य वाहिलं होतं, आणि त्या माणसानं उभ्या जन्मात चहाचा कप विसळला नव्हता. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आबा गुळव्या होते. दसरा झाला की गूळ करायला गुऱ्हाळावर जायचे आणि पाडव्याच्या आसपास ऊस संपला की घरी यायचे. हा पाडवा म्हणजे गुढीपाडवा. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघायचे, तेव्हा आमच्या घरात आबा नसायचेच. ओवाळायला आजी ताट घेऊन गुऱ्हाळावर जायची.

ज्यांनी गुऱ्हाळ फक्त हुरडा पार्टीच्या जोडीला बघितलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चरकातून निघालेला रस हौदात येतो, तिथून काहिलीत. काहील म्हणजे पसरट लोखंडी कढई, आत दोन माणसं आडवी झोपतील एवढी. खाली चुलवाण, त्यात वाळवलेली चिपाडं जाळायची. एक काहील भरून गूळ उतरेपर्यंत जे काही होतं त्याला आदण म्हणतात. रस तापायला लागला की चुन्याची निवळी घालायची, म्हणजे रसाचा आंबटपणा मरतो. चुना कमी पडला तर गूळ बसत नाही, जास्त झाला तर काळा पडतो. मग भेंडीचं पाणी. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात कुस्करली की शेंबडासारखा चिकट रस सुटतो, तो काहिलीत गेला की उसातली सगळी घाण धरून वर येतो. ही मळी. ती झाऱ्यानं ओढून काढायची, पुन्हा भेंडी, पुन्हा मळी. रस निवळशंख दिसला की मग जाळ वाढवायचा.

इथवर कुणीही शिकेल. गुळव्याची मजुरी त्याच्या पुढची. रसाची काकवी होते, काकवीचा पाक होतो, आणि पाक झाल्यावर काहील कधी उतरवायची हे दोन-तीन मिनिटांत ठरतं. लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाझरतो. उशीर झाला तर करपतो. आणि तो ऊस गुळव्याचा नसतो, पाळी लावून बसलेल्या शेतकऱ्याचा असतो. बापडा वर्षभर पाणी पाजून, खत घालून बांधावर उभा असतो. पुस्तकात ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास लिहिलेलं असतं. आबांनी थर्मामीटर फक्त दवाखान्यात पाहिला. ते वाडग्यात गार पाणी घ्यायचे, उलथन्यानं पाकाचा थेंब त्यात सोडायचे, बोटांनी गोळी वळायचे आणि काहिलीच्या काठावर मारायचे. टण् वाजली की हात वर. त्यांचा हात वर गेला की काहिलीच्या कड्यांना दांडे घालून उभी असलेली माणसं ‘हर हर महादेव’ करत काहील उचलून गूळ गार करायच्या वाफ्यात ओतायची.

खरं तर गोळी ते बाकीच्यांच्या समाधानासाठी वाजवत असावेत. काहिलीकडं पाठ करून तंबाखू मळत बसलेले असायचे आणि मधेच उठायचे. मी एकदा विचारलं, “आबा, कसं कळतंय?” म्हणाले, “आवाज बदलतोय की लेका. आधी खळखळतंय, मग फदफदतंय. तुला ऐकू येत न्हाई व्हय?” मला येत नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते.

माझी थोरली आत्या वाळवा तालुक्यात दिली. दरवर्षी हंगाम संपताना आबा तिन्ही लेकींना गूळ पाठवायचे. घरचा आणि लेकींचा गूळ ते बिनहायड्रॉसचा करायचे. बाजारच्या गुळात मात्र रंग उजळायला हायड्रॉस पावडर घालायचे, हे लपवण्यात अर्थ नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीत सौद्याला रंगावर भाव, गुजरातला माल जायचा आणि तिकडं पिवळाधमक लागायचा. शेतकरीच पुडी हातात देऊन “आबा, रंग येऊ दे” म्हणायचा. त्याच्या मालात तो म्हणेल तसं. आपल्या पोरांच्या पोटात मात्र ती पावडर जाऊ द्यायची नाही. म्हणून आमच्या घरात गूळ कायम तांबूस-काळा, आणि आत्यांच्या घरीही.

थोरल्या आत्याच्या सासूबाईंना ते काही पटलं नाही. “गुळव्याची लेक आणि गूळ काळा! चांगला विकला आणि राहिलेला आम्हाला पाठवला,” असं त्या चार बायकांत बोलल्या. आत्यानं माहेरी काही सांगितलं नाही. पण अशा गोष्टी एसटीनं येतात. आबांनी ऐकलं, तंबाखू थुंकले आणि विषय संपला असं आजीला वाटलं.

पुढच्या हंगामात त्यांनी एक आदण फक्त त्या सासूबाईंसाठी केलं. नदीच्या काठाला गाळाच्या रानात एकाचा ६७१ जातीचा ऊस होता, त्याच्याकडं आधीच शब्द टाकून ठेवला. खारवट रानातला ऊस घ्यायचा नाही, गूळ खारट होतो. ऊस पुरा पक्व होऊ दिला. तोडल्यावर शेंड्याकडची कांडी काढून टाकली, कारण त्यात साखर कमी आणि पाणी जास्त. पहाटे तोडलेला ऊस सकाळीच घाण्याला लावला, कारण ऊस जितका शिळा तितका गूळ नरम आणि काळा. चरक धुऊन घेतला. काहील चिंचेनं घासली. भेंडी दुप्पट. जाळ मंद. मळी इतक्या वेळा काढली की चुलवाणावरचा माणूस वैतागून “आबा, दूध तापवायलाय काय?” म्हणाला. आमचे बाबा तेव्हा शाळकरी होते, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. गूळ उतरला तो हळदीसारखा पिवळा नाही, पण मधासारखा सोनेरी. पावडरीचा कण नाही. तो सबंध रवा, म्हणजे तीस किलोची ढेप, डोक्यावर घेऊन आबा एसटीनं स्वतः गेले. तोवर लेकीच्या घरी ते कधी मुक्कामाला गेले नव्हते.

कष्टाळू सगळेच असतात हो. या माणसाला काय येत होतं आणि ते त्यानं कुणासाठी वापरलं, एवढंच मला सांगायचंय. तुमच्या आजोबांना काय यायचं? लिहा.

---

मीठभाकर

डोळे पाणावले. खूप सुंदर लिहिलंय. भावपूर्ण श्रद्धांजली.

---

साचेवाल्याचा नातू

शेवटच्या प्रश्नानं अडकलो. आमचे आजोबा परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. गाव कणकवलीजवळ. मुंबईत गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं. गणपती आणि शिमगा सोडला तर घरी येणं नाही. दर महिन्याला मनीऑर्डर आणि तिच्या तळाला दोन ओळी. ‘म्हशीचे कळवा. बाळ्याचे नाव शाळेत घाला.’

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आहेत, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. आजोबा पावसाळ्याच्या तोंडावर गावी आले ते कायमचेच. अडीच लाख माणसांचं जे झालं तेच त्यांचं झालं. मी त्यांना ओळखतो ते काजूच्या बिया गोळा करणारे, गोठा झाडणारे म्हातारे म्हणून. साच्यावर काम करताना त्यांना आमच्या घरातल्या कुणीही कधी बघितलेलं नाही. आजीनंसुद्धा नाही. तुम्ही निदान गुऱ्हाळावर जाऊन बसलात.

एक मात्र होतं. कुणाच्याही लग्नात गेले की पाहुण्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरायचे. उलटी करायचे, उजेडाकडे धरायचे, उभा-आडवा धागा बघायचे आणि “हां, चांगला विणलाहा” किंवा नुसतंच “हूं”. आम्हा पोरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा माझ्या साखरपुड्यात होणाऱ्या सासऱ्यांच्या बाबतीत ‘हूं’ झालं. सासरे अजून काढतात.

---

टेकडीवरची

लेख चांगला आहे, पण मला दोन गोष्टी खटकल्या, त्या बोलते.

एक, निम्मं वर्ष घराबाहेर राहणारा माणूस कुटुंबवत्सल. ठीक. मग त्या निम्म्या वर्षात घर कुणी चालवलं? आजी लेखात दोनदा येते, एकदा ओवाळायला आणि एकदा ‘असं आजीला वाटलं’ म्हणायला.

दुसरं, गुऱ्हाळाचं इतकं गोड वर्णन वाचलं की मला माझी आई आठवते. ती लहानपणी आईबापाबरोबर गुऱ्हाळावर होती, चिपाडं पसरून वाळवायला. पायाला कायम चिरा. उचल घेतलेली असायची ती फिटेपर्यंत हंगाम संपायचा, मग पुढची उचल. गुळव्याला मान होता, चिपाडवालीला नव्हता. ‘तुमच्या आजोबांना काय यायचं’ हा प्रश्न छान आहे, पण ज्यांना काही ‘यायची’ संधीच मिळाली नाही त्यांनी काय लिहायचं?

---

रसायनी

अन्नतंत्रज्ञानात काम करतो, म्हणून थोडी भर. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यानं रंग उडतो, अशुद्धता जात नाही. शिवाय तो रंग टिकतही नाही, साठवणीत गूळ पुन्हा गडद होत जातो. म्हणजे व्यापाऱ्यानं रंगाचे पैसे मोजायचे आणि गिऱ्हाईकाच्या डब्यात जाईतो रंग गेलेला. कायद्यानं गुळात हायड्रॉसमधून येणारा सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या आत असावा लागतो. आबांनी त्या एका आदणाला जे जे केलं (पक्व ऊस, शेंडा काढणं, ताजं गाळप, भांडी स्वच्छ, भेंडी जास्त) ते शब्दशः तसंच आज आम्ही सेंद्रिय गुळाच्या प्रशिक्षणात सांगतो. फरक एवढाच की आम्ही पडद्यावर चित्रं दाखवतो.

एक शंका. मंद जाळ पाक होईपर्यंत ठेवला का? कारण रस फार वेळ तापत राहिला तरी रंग गडद होतो.

---

भोगावतीकाठ

@रसायनी, बाबांना विचारलं. मळी निघेपर्यंतच मंद. रस निवळला की आबांनी स्वतः चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ मारला, त्या माणसाला बाजूला केलं. फेस वर आला की शेंगतेलाचे चार थेंब. तुमचं बरोबर आहे.

@टेकडीवरची, आजीबद्दल लिहितो. तिच्यावर वेगळा धागाच काढायचा होता, पण आता इथंच थोडं.

गुऱ्हाळाच्या हंगामात आजीचा दिवस म्हशींपासून सुरू व्हायचा. ऊसतोड चालू असली की वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळायचं. ते आणायला ती पहाटे फडात जायची. वाड्याची पात कापते, त्यामुळं जुन्या सदऱ्याच्या बाह्या हाताला बांधायची. डेअरीला दूध घालायचं, पोरांचं आवरायचं, मग दुसऱ्याच्या रानात भांगलायला, संध्याकाळी गुऱ्हाळावर भाकरी पोचवायची. आबांची उचल गणपतीतच संपलेली असायची. घरातला रोजचा मीठमसाला दुधाच्या पैशावर. आबांना पाकाचं कळायचं पण पैशाचं अजिबात कळायचं नाही, कुणीही मागितले की देऊन मोकळे. तिन्ही आत्यांची लग्नं आजीनं भिशी लावून केली. आबा मांडवात पाहुण्यासारखे उभे होते, असं ती स्वतःच सांगायची. रागानं नाही, पण सांगायची नक्की.

आणि चिपाडवाल्या बायकांचं तुम्ही म्हणता ते तसंच होतं. आबांच्या हाताखाली ज्या बायका होत्या त्यांना आबांपेक्षा किती कमी मिळायचं ते मला ठाऊक आहे, आणि आबांनी त्यावर कधी मालकाशी भांडण केलं नाही हेही ठाऊक आहे. तुमच्या आईंना काय यायचं ते तुम्ही लिहा, वाचायला आवडेल.

---

टेकडीवरची

आईला ढग बघून पाऊस कळायचा. चिपाडं भिजली की जाळ लागत नाही आणि सगळं गुऱ्हाळ थांबतं, म्हणून तिला आणि तिच्या आईला सतत आभाळाकडे नजर ठेवावी लागायची. अवकाळी यायच्या आधी सगळी चिपाडं ढिगाला लावून वर पाला घालायचा. अजूनही आमच्या सोसायटीत वाळत घातलेले सगळ्यांचे कपडे तीच आत घेते, लोक हवामानाचं ॲप बघत बसतात. हे कसब आहे असं मला आत्तापर्यंत वाटलं नव्हतं, एवढं मान्य करते.

आजीचा परिच्छेद आवडला. मूळ लेखापेक्षा जास्त.

---

श्टुटगार्टकर

इकडच्या भारतीय दुकानात ‘कोल्हापुरी गूळ’ म्हणून जे मिळतं ते लिंबासारखं पिवळं असतं. ते खरंच कोल्हापूरचं असतं का?

---

पेठेतला

श्टुटगार्टकर, असेलही आणि नसेलही. माझे आजोबा शाहूपुरीत अडत्याकडे दिवाणजी होते, म्हणून या धाग्यात माझाही हक्क. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली ती गुळाची पेठ म्हणूनच. पुढं बाजार मार्केट यार्डात गेला. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन कागदावर असतं आणि बॉक्स कुठंही छापता येतो. कर्नाटकातला गूळ इथं आणून कोल्हापुरी म्हणून विकला जातो हे रडगाणं आमच्याकडं दरवर्षी असतं. तिकडचा गूळ वाईट असतो असं नाही, नाव मात्र त्याचं त्यानं लावावं.

आजोबांचं सांगतो. सौद्याच्या वेळी रव्याला टोचा मारून आतला गूळ बघायचे. वरून सोनं आणि आत गारा, असा माल लगेच पकडायचे. आणि रवा बघून “हा अमक्या गावचा गुळव्या” म्हणायचे. आम्हाला थाप वाटायची. भोगावतीकाठ, तुमच्या आबांचे रवे त्यांच्या टोच्याखालून गेले असणार बघा.

---

भोगावतीकाठ

गेले असतीलच. आणि भाव पाडला म्हणून आबांनी शिव्याही घातल्या असतील.

बाबांचं राहिलं. आबांनी त्यांना काहिलीजवळ येऊ दिलं नाही. पोराला शिकायचं होतं, हट्ट केला, तरी नाही. आबांच्या कोपराखाली केस नव्हते आणि डाव्या मनगटावर पाक उडून पडलेला डाग होता, पाच पैशाच्या जुन्या नाण्याएवढा. उकळता पाक अंगावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि कातडी घेऊनच निघतो. “एक हात भाजला तेवढा पुरे घराला,” असं म्हणायचे.

तर बाबा शिकले आणि सहकारी साखर कारखान्यात लागले. तिथं कुठल्या खात्यात? पॅनवर. साखर शिजवण्याच्या. म्हणजे काहील सोडायची म्हणून गेले आणि दोन मजली काहिलीपुढं जाऊन उभे राहिले. आबांना हे कळायला बराच काळ लागला, कारण कारखान्यात नोकरी म्हणजे टेबल-खुर्ची अशी त्यांची समजूत. कारखान्याच्या सभेच्या दिवशी एकदा ते आत गेले, तेव्हा बाबांना कामावर बघितलं. घरी आल्यावर जेवताना विचारलं, “तुमच्यात दाणा बसला हे कशावरनं कळतंय?” बाबा म्हणाले, “काचेवर नमुना घेऊन उजेडात बघतो. बोटात धरून सूत काढतो.” आबा म्हणाले, “मीटर न्हाईत?” “हाईत. पण बोट बरं.” आबा हसले. बापलेकात धंद्याचं एवढंच बोलणं झालेलं मला माहीत आहे.

आमच्या भागातली गुऱ्हाळं बंद पडली त्यात कारखान्यांचा वाटा मोठा. ऊस तिकडं गेला, तोडणीची कटकट नाही. इकडं माणूस मिळेना, गुळाचा भाव आज आहे उद्या नाही. आबा ज्या गुऱ्हाळावर होते ते बंद झालं तेव्हा आबांनी बाबांना किंवा कारखान्याला एक शब्द बोल लावला नाही. कारखान्याची सवलतीची साखर मात्र ते घरात चहापुरतीसुद्धा चालू देत नसत. आजी चोरून घालायची.

---

अनुस्वार

धागा ‘व्यक्तिचित्रे’मध्ये हलवावा ही संपादकांना विनंती. ‘पाककृती’मध्ये चुकून पडलाय. नाहीतर असू द्या, इथं जास्त लोक वाचतील.

---

कृष्णाकाठचा

दादा, लिंक घरच्या ग्रुपवर टाकलीस म्हणून सापडलं. ज्या आत्याची गोष्ट लिहिलीस तिचा मी धाकटा. त्या रव्याची पुढची गोष्ट तुला माहीत नाही असं दिसतंय, म्हणून खातं उघडलं.

आबा रवा घेऊन आले तेव्हा आमच्या दारात उतरवला आणि आजीला (माझ्या वडलांच्या आईला) म्हणाले, “इहीणबाई, फोडा.” तिनं वरवंट्यानं फोडला. आतून बाहेरून एकच रंग. खडा तोंडात टाकला. काही बोलली नाही, पण त्या गुळातला एक मोठा तुकडा तिनं देवळीत मांडून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला “सुनेच्या माहेरचा” म्हणून दाखवत बसली. पुऱ्या गल्लीत वाटला. आबा त्या रात्री राहिले, तुझं बरोबर आहे, पण ओसरीवर झोपले. लेकीच्या घरात आत झोपायचं नाही म्हणून.

त्याच्या पुढच्या वर्षी काय पाठवलं असेल? काळा. नेहमीचा. आजी आईला म्हणाली, “का गं, औंदा तसला न्हाई?” आईनं माहेरी निरोप धाडला. आबांचा उलटा निरोप आला, “एकदा दावला. रोज काय दावायचा हाय? खायला ह्योच बरा.” आणि आजीनं तो काळा गूळ मरेपर्यंत खाल्ला. शेवटी शेवटी तर बाजारचा पिवळा गूळ घरात आला की हात लावायची नाही. “पावडरीचा हाय,” म्हणायची, जशी काय हिचीच काहील.

आई आत्ता शेजारी बसलीय, मी वाचून दाखवतोय. ती म्हणते, सगळं बरोबर आहे पण एसटी नव्हती. आबा ट्रकमधून आले होते, गुळाच्याच. एसटीचं तिकीट वाचवलं.

---

साचेवाल्याचा नातू

‘एकदा दावला’ 🙏 हे वाक्य आमच्या आजोबांच्या ‘हूं’च्या शेजारी लावतो.

---

भोगावतीकाठ

आता बाबा म्हणतायत एसटीच. घरात दोन तट पडलेत.

@कृष्णाकाठचा, आत्याला विचार, काहिलीत फडक्यात बांधून आपण काय शिजवायचो? मी काल लेकीला सांगितलं रताळी, बायको म्हणते कुणी रताळी शिजवत नाही, बटाटेच असणार.

---

कृष्णाकाठचा

आई म्हणते दोन्ही. रताळी आधी, कारण लवकर शिजतात. बटाटे कुणी शहरातलं पाहुणं आलं तर. कच्च्या पपईच्या फोडीपण. आणि म्हणते, तुझा दादा त्यातलं काही खायचा नाही, रस पिऊन पोट बिघडवून घेऊन घोंगड्यात पडलेला असायचा, त्याला काय विचारता.

---

श्टुटगार्टकर

कच्ची पपई? प्रमाण आणि वेळ सांगाल का? इथं काहील नाही, पण मोठं पातेलं आणि काकवीची बाटली आहे.

---

रसायनी

काकवी पातळ करून घ्या, नाहीतर करपेल. ताज्या रसाइतकी, म्हणजे चव बघत पाणी घालायचं. फोडी बोटभर जाड. किती वेळ ते आवाजावरून ओळखा. 🙂

---

अनुस्वार

राहू द्या, ‘पाककृती’तच राहू द्या.